तोंडावर उमटणारी विभूती

"उमटली! उमटली!" असा एकच कल्ला झाला आणि पत्र्याच्या शेडमधली तीन-चारशे माणसं जागच्या जागी उभी राहिली. मागच्यांना दिसेना, म्हणून बाया केळीच्या निळ्या क्रेटांवर चढल्या. पुढं पाटावर पन्नाशीची एक बाई डोळे मिटून बसली होती. तिच्या सावळ्या कपाळावर, गालांवर, हनुवटीवर पांढरा थर उमटत होता. कोणी काही फासलं नव्हतं. महाराजांनी फक्त पाण्यासारखं रंगहीन तीर्थ कापसानं लावलं होतं, आणि मिनिटभरात कातडीच्या आतूनच राखेसारखी विभूती वर आली होती.

"नागदेवतेनं हिला पदरात घेतलं!" शेषनाथ महाराज हात वर करून गरजले. "पाप वर आलं! चौथ्या दिवशी कात पडेल. आतून नवी बाई निघेल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं, कुंदाअक्कानं, माझं मनगट घट्ट धरलं.

मी फैजपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतो. त्या दिवशी अक्काच्या आग्रहामुळं आलो होतो आणि एका कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होतो. बंद पडलेलं हे केळी पॅकिंगचं शेड होळीनंतर अचानक देवस्थान झालं होतं. सोमवार आला की यावलपासून सावद्यापर्यंतच्या रिक्षा इकडं वळायच्या. कोणाच्या तोंडावर मुरुमांचे खड्डे, कोणाला वांग, कोणी नुसतीच काळी. रोगाचं नाव काहीही असो, महाराजांचं निदान एकच: पाप.

"नाग म्हातारा होतो का?" महाराज विचारायचे.

"नाही!" गर्दी ओरडायची.

"का नाही होत?"

"कात टाकतो!"

"मग माणसानं का टाकू नये?"

साप चांगला म्हातारा होतो आणि मरतोही, पण हे सांगायला तिथं कुणी सर्पमित्र नव्हता. मी होतो, आणि मी गप्प उभा होतो. मात्र मी बघत होतो. महाराज आधी कापसानं चेहरा पुसायचे, त्याला ते 'गंगाजल' म्हणायचे. त्या गंगाजलाला स्पिरिटचा वास येत होता. मग डोळ्यांभोवती आणि ओठांवर 'मंतरलेलं तूप' लावायचे, आणि तूप लावलेल्या जागी विभूती कधी उमटायची नाही. तीर्थाची बाटली काचेची, गडद रंगाची. हातात भगवे मोजे, त्याला नाव 'सोवळं'. पण ते मोजे रबराचे होते. तीर्थ लावलं की एकवीस वेळा मंत्र म्हणायचा, मग भराभर गार पाण्याचे बोळे ठेवायचे. मी घड्याळ लावून पाहिलं. प्रत्येक वेळी मंत्र तेवढाच वेळ चालत होता. परीक्षेच्या वेळी मुलं प्रयोगशाळेत सेकंद मोजतात, अगदी तसं.

"अक्का," मी तिच्या कानाशी म्हणालो, "हे काहीतरी ॲसिड आहे. चल घरी."

"गप ऱ्हाय, हितू. लोकं ऐकतीन." एवढं बोलून ती पुढं झाली आणि पाटावर जाऊन बसली.

अक्का अशी वेडीबिद्री बाई नाही. जीवरामदाजींच्या बरोबरीनं तिनं केळीची बाग उभी केली. ठिबकच्या नळ्यांपासून घड उतरवण्यापर्यंत सगळं तिच्या हातचं. पण तिशीनंतर तिच्या दोन्ही गालांवर वांग आलं आणि उन्हात वाढत गेलं. इतकी वर्षं तिनं आरशाकडं लक्ष दिलं नव्हतं. ते दिलं माघ महिन्यात, तिच्या मुलीला, ज्योत्स्नाला, पाहायला नरडाण्याचे पाहुणे आले तेव्हा. मुलगा प्रेमराज तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. माणसं आमच्यातलीच, पण दोन पिढ्या धुळे जिल्ह्यात राहून बोली अहिराणी झालेली. चहा घेताना मुलाची आई कमलबाई अक्काच्या तोंडाकडं बघून एवढंच म्हणाली, "तुम्ही तोंडले काही लावतस नहीत का?"

नंतर दोन महिने नरडाण्याहून काही निरोप आला नाही. अक्कानं मनाशी हिशेब मांडला की आईच्या तोंडावर डाग आहेत, म्हणजे उद्या मुलीच्या येतील, म्हणून पाहुणे बिचकले.

"माह्या तोंडामुळं पोरीचं अडलं," ती मला म्हणाली होती. "तुले नही समजनार ते. तू बाप्या माणूस आहे."

त्या पहिल्या सोमवारी अक्काच्या तोंडावर विभूती उमटली. चौथ्या दिवशी गालांवरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली. आठव्या दिवशी मी तिच्या घरी गेलो तर चेहरा गुलाबी, तुकतुकीत. वांग जवळजवळ दिसत नव्हतं. ज्योत्स्ना हसून म्हणाली, "मामा, सांगा आता! ॲसिड ना?"

इथं मला एक कबुली द्यायची आहे. मी काहीच बोललो नाही. तीर्थाचा थेंब मिळवून तपासावा, असं मी ठरवलं होतं. ते राहून गेलं. बहीण खूश होती, आरशात बघत होती. आपलंच काही चुकत असेल, असं त्या क्षणी मला खरोखर वाटलं. वीस वर्षं मुलांना शिकवलेलं एका गुलाबी गालापुढं गळून पडलं.

महिन्याभरात वांग परतलं. मे लागला होता, पारा चव्वेचाळीसवर, आणि अक्का रोज बागेत. नवी कोवळी कातडी उन्हानं आधीपेक्षा काळी पडली. महाराजांकडं उत्तर तयार होतं: "पाप जुनं आहे, खोल गेलंय. दुसरी कात टाकावी लागेल. तीर्थ जरा जागृत घेऊ."

त्या सोमवारी दाजी बाजाराला गेले होते. अक्कानं मला फोन केला, "गाडीवर सोडतो का शेडापर्यंत?" मी नाही म्हणालो. मग ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, मी चालत जाते." त्या उन्हात चार किलोमीटर. मी मोटरसायकल काढली. रस्ताभर समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि शेडपाशी उतरली. मला उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. मी परत फिरलो. माझ्याच गाडीवरून मी तिला तिथं नेऊन सोडलं, हे मला कुणी कधी बोलून दाखवलं नाही. दाजींनीसुद्धा नाही.

आत काय झालं ते तिनं पुढं सांगितलं. या वेळी बाटली वेगळी होती. तीर्थाचा एक हात दिला, मग दुसरा, मग तिसरा. तोंडाला निखारे लावल्यासारखं झालं. ती ओरडली, "धुवा, धुवा!" महाराज म्हणाले, "ही बाई ओरडत नाही, हिचं पाप ओरडतंय. भजन म्हणा!" आणि दोनशे बायांनी टाळ्यांच्या तालावर भजन सुरू केलं. तिचा आवाज त्यात बुडाला. पाटावरून उठू नये म्हणून दोघींनी तिचे खांदे धरले होते. त्यातली एक शेजारची ताईबाई, तिची बालपणाची मैत्रीण. तिनं ते प्रेमापोटीच केलं होतं.

निघताना महाराजांनी मानेला लावायला छोट्या बाटलीत तीर्थ दिलं आणि बजावलं, "डॉक्टरचा हात लागला तर पाप परत फिरेल."

म्हणून अक्का चार दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहिली. पाचव्या दिवशी ज्योत्स्नाचा फोन आला. "मामा, आईचं तोंड सुजलंय. पाणी वाहतंय. ताप आहे. ती दार उघडत नाही." मी दाजींना घेऊन दार लोटलं. खिडकी उघडली. डाव्या गालाची सालं निघून मांस दिसत होतं. पापण्या चिकटल्या होत्या.

जळगावला त्वचारोगाच्या डॉक्टर हेमांगी यांच्याकडं नेलं. त्यांनी जखमा साफ केल्या, अक्काला सलाईन लावलं आणि आम्हाला बाहेर बोलावलं.

"याला केमिकल पील म्हणतात," त्या म्हणाल्या. "मीही करते."

दाजी बघतच राहिले. "म्हंजे ते औषध खरं आहे?"

"औषध खरं आहे, देव खोटा. ठरावीक प्रमाणातलं आम्ल लावलं की कातडीचा वरचा थर मरतो आणि सुटतो. खालून नवा येतो. पण आधी महिनाभर मलमं देऊन कातडी तयार करावी लागते. उन्हापासून जपावं लागतं. आपल्या सावळ्या कातडीला तर फार जपून, सौम्यच करायचं, नाहीतर काळे डाग कायमचे बसतात. शेतात काम करणाऱ्या बाईला भर मे महिन्यात मी कधीच करणार नाही. यानं एकावर एक थर दिले आणि तीव्र आम्ल वापरलं. हे सरळ भाजणं आहे."

"आणि ती पांढरी विभूती?" मी विचारलं. उत्तर मला कळलं होतं, तरी विचारलं.

"कातडीतलं प्रोटीन गोठतं, सर. तव्यावर अंडं पांढरं होतं ना, तेच."

"डाग जातील?" दाजींनी विचारलं.

"काही वर्षा-दोन वर्षांत फिके होतील. डाव्या गालावरचा व्रण राहील." मग म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी आणलं असतं तर..."

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी कमलबाई आल्या. नरडाण्याहून, मुलाला घेऊन. इतके महिने निरोप का नव्हता, तर त्यांचे यजमान धुळ्यात दवाखान्यात होते, आजारपणात राहून गेलं. मुलगी त्यांना पहिल्या दिवसापासून पसंत होती. अक्कानं पट्ट्यांमधून कसंबसं विचारलं, "तुम्हीच म्हटलं होतं ना, तोंडाले काही लावत नही का म्हणून?"

कमलबाई गोंधळल्या. मग पदरानं स्वतःचा गाल पुसला. पावडरीखाली तपकिरी डाग दिसले.

"मना तोंडवर बी वांग शे, ताई! म्हणीसन इचारं मी. तुम्हना बठ्ठा गाव केळीसना, काही झाडपालानं औषध माहीत व्हई, असं वाटनं मले." आणि त्या पलंगाच्या कडेवर बसून रडायलाच लागल्या.

अक्का रडली नाही. डॉक्टरांनी रडू नका म्हणून सांगितलं होतं. खारं पाणी जखमेला झोंबतं.

पुढच्या सोमवारी मी शेडात गेलो. अक्काला दिलेली छोटी बाटली होती माझ्याकडं, आणि पिशवीत काचेचा पेला, दोन अंडी. गर्दी कमी झाली नव्हती. अक्काचं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. तरी रांग दारापर्यंत होती. मी सरळ पुढं गेलो, अंडं फोडलं आणि त्यातला पांढरा बलक पेल्यात घेतला.

"देवाच्या ठिकाणी अंडं?" कोणीतरी खेकसलं. "बाहेर काढा मास्तरले!"

"एक मिनिट फक्त," मी म्हणालो. "हे महाराजांचंच तीर्थ आहे. बघा." मी थेंब टाकले. पाण्यासारखा पातळ, रंगहीन बलक झरझर पांढरा झाला, गोठला. मी पेला उंच धरला. "ही तुमची विभूती! या अंड्यानं काय पाप केलं होतं?"

मला वाटलं, जिंकलो.

महाराज गोड हसले. "भक्तांनो, नाग कशातून जन्मतो? अंड्यातून! अंड्यातही जीव आहे. बघा, नागदेवतेची कृपा अंड्यावरही झाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझाच प्रयोग त्याच्या पदरात पडला. मी बाही वर केली आणि कापसानं आपल्या हातावर तीर्थ लावलं. आग होत असताना दात आवळून उभा राहिलो. पांढरा डाग उमटला. "आणि माझ्या हातानं काय पाप केलं?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक, मास्तर!" महाराज म्हणाले, आणि सगळं शेड हसलं. माझे जुने विद्यार्थीही हसत होते, ज्यांना मी आम्ल आणि अल्कली शिकवलं होतं.

हसू थांबलं ते मागून. गर्दी दुभंगत होती. ज्योत्स्नाच्या खांद्याला धरून अक्का येत होती. डॉक्टरांना न विचारता आली होती. पुढं येऊन तिनं चेहऱ्यावरचा पांढरा रुमाल सोडला. पुढच्या रांगेतल्या बायांनी तोंडं फिरवली. ताईबाई रांगेतून बाहेर पडली.

"हिचं पापच मोठं असन," कोणीतरी पुटपुटलं.

"असन," अक्का शांतपणे म्हणाली. "मी कधी पाह्यलं नही माहं पाप. पण महाराज, तुमची दाढी जरा बाजूला करा बरं. गालावर मुरुमाचे वण आहेत तुमच्या. मी पाटावरून पाह्यले होते. ते काहून नही गेले?"

"बाई, माझं शरीर नागदेवतेचं..."

"मंग देवाचं तीर्थ देवाले लावते मी." तिनं पाटावरची गडद बाटली उचलली, कापसाचा बोळा बुडवला आणि हात पुढं केला. महाराज मागं सरले, क्रेटांवर आदळले आणि किंचाळले, "लांब ठेव! लांब ठेव ते! ॲसिड आहे ते!"

मी तिथूनच पोलिसांना फोन लावला.

पोलिस आले तेव्हा गादीखालच्या खोक्यात सहा बाटल्या निघाल्या. लेबलवर नाव होतं ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड. महाराजांचं खरं नाव पुना. सुरतेला एका स्किन क्लिनिकमध्ये झाडलोट करायचा. डॉक्टर काय करतात ते पडद्याआडून बघून शिकला. किती करायचं आणि कधी थांबायचं, ते शिकला नाही. जादूटोणाविरोधी कायद्याखाली आणि दुखापतीबद्दल गुन्हा दाखल झाला. काही महिन्यांनी त्याला जामीन मिळाला. खटला चालू आहे. साक्षीला तयार झालेल्या बायांपैकी निम्म्या आता म्हणतात, आम्हाला काही आठवत नाही. असं डागांचं तोंड घेऊन कोर्टात कोण उभं राहणार?

ज्योत्स्नाचं लग्न झालं. अक्का मांडवात सगळ्यांच्या पुढं बसली, पण फोटोवाला जवळ आला की मान वळवत होती. मी पाहत होतो. माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं.

ही हकिगत जिल्ह्याच्या पेपरात छापून आली. मला वाटलं, निदान आता कुणी फसणार नाही. मग एका दुपारी जामनेरहून फोन आला. आवाज विशीतल्या मुलीचा होता. नाव सारिका सांगितलं.

"सर, त्या औषधाबद्दल विचारायचं होतं. ऑनलाइन मिळतंय. किती टक्क्याचं मागवू?"

मी हबकलो. "अगं, तू वाचलंस ना काय झालं ते?"

"वाचलं ना सर. पण तो भोंदू होता. माझा देवाबिवावर विश्वास नाही. मी सायन्सची आहे. तुम्ही फक्त प्रमाण सांगा, मी नीट वेळ लावून करीन."

"तुझ्या चेहऱ्याला झालंय काय?"

"काही नाही सर. काळी आहे."

"मग यात बरं करायचं काय आहे?"

पलीकडून फोन बंद झाला. मी लगेच परत लावला, तिनं उचलला नाही, म्हणून डॉक्टर हेमांगींचा नंबर संदेशानं पाठवला. तिनं पाहिला. उत्तर आलं नाही. तिनं बाटली मागवली की नाही, मला आजही ठाऊक नाही.

म्हणून हे लिहितो आहे. महाराज पकडता येतो. त्याच्या बाटलीतलं रसायन ओळखता येतं, त्याचा मंत्र म्हणजे घड्याळ आहे हे सिद्ध करता येतं. पण ज्या भीतीनं माझी बहीण त्या पाटावर जाऊन बसली ती भीती आपण घरात चहा पिताना, पाहुण्यांसमोर, लग्नाच्या जाहिरातीत रोज थोडी थोडी पाजतो. माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या कातडीला कोणी काही लावू लागला तर, तो भगव्यात असो की पांढऱ्या कोटात, आधी विचारा की यात काय आहे, तू हे कुठं शिकलास, आणि बिघडलं तर उद्या कुठं भेटशील. सरळ उत्तर मिळालं नाही तर उठून या. आणि घरातली मुलगी तोंडाला काय लावू असं विचारायला लागली, तर तिला औषध सांगण्याआधी एवढं विचारा, की तुला कोण काय बोललं. ऐकून घ्या, आणि त्या बोलणाऱ्याशी बोला. मी माझ्या बहिणीला हे वेळेवर विचारलं नाही.